उभं राहताना गुडघा सरळ होता का, हे मला कुणी विचारलंच नाही

एप्रिलच्या मध्यावर एकदा माझी लेक माझ्या मागून चालत होती, मी सहज वळून बघितलं तर ही बया माझी नक्कल करत होती. उजवा पाय काठीसारखा ताठ, टाच टेकली की घाईघाईने वजन डाव्या पायावर, आणि दर पावलाला खांदा थोडा कललेला. म्हणाली, "आई, तू अशी चालतेस." मला राग आला कारण माझ्या मते मी आता व्यवस्थित चालत होते. सव्वाचार महिने झाले होते गुडघ्याच्या ऑपरेशनला, सूज नव्हती, दुखणं जवळपास नव्हतं. तिने मोबाईलवर व्हिडिओ काढून दाखवला तेव्हा गप्प बसले.

तर मागची गोष्ट थोडक्यात. जिना उतरताना शेवटची पायरी चुकली, पाऊल जागेवर राहिलं आणि अंग वळलं, 'कट्' असा आवाज आला. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारं लिगामेंट, पूर्ण तुटलेलं दिसलं. ६ डिसेंबरला ऑपरेशन झालं, मांडीच्या मागच्या बाजूचा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) घेऊन नवीन लिगामेंट केलं. सहा आठवडे ब्रेस, म्हणजे गुडघ्याला आधार देणारा पट्टा, सुरुवातीला कुबड्या, मग फिजिओ. ऑपरेशन हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे कारण तेव्हा आपण झोपलेलो असतो. त्यानंतरच्या गोष्टींवर लोकांनी भरपूर लिहून ठेवलंय, मी ते परत लिहीत नाही. मला लिहायचंय ते सेन्सर बांधून चालण्याच्या टेस्टबद्दल, कारण ती करायच्या आधी मी खूप शोधलं आणि मशीन विकणाऱ्यांच्या जाहिराती सोडून काही मिळालं नाही.

व्हिडिओ घेऊन फिजिओ मॅडमकडे गेले तर त्या हसल्या. "तुम्ही माझ्यासमोर छान चालता. दाराबाहेर गेलात की लंगडता. मी खिडकीतून बघते ना." मग म्हणाल्या की डोळ्यांनी लंगडणं दिसतं पण नक्की कुठल्या क्षणी गुडघा काय करतोय ते दिसत नाही, एक पाऊल जेमतेम सेकंदभराचं असतं आणि त्यातला महत्त्वाचा भाग डोळ्याची पापणी लवावी इतक्यात संपतो. म्हणून चालीची टेस्ट करून घ्या.

ही टेस्ट दोन प्रकारे होते. एक म्हणजे मोठी लॅब असते तिथे अंगावर चमकणारे गोळे चिकटवतात, चारी बाजूंनी इन्फ्रारेड कॅमेरे आणि जमिनीत वजन मोजणाऱ्या पाट्या. सगळ्यात भरवशाची तीच धरतात पण महाग, लॅब मोजक्या, आणि चालायला मिळतात त्या खोलीतली चार-सहा पावलं. दुसरी सेन्सरवाली. पायाला छोटे सेन्सर बांधायचे आणि कॉरिडॉर, जिना, कुठेही चालायचं. मॅडमनी दुसरी सांगितली. त्यांचं कारण सरळ होतं, "चार पावलं तुम्ही कुणालाही फसवाल, सहा मिनिटं नाही फसवू शकणार."

२२ एप्रिलला त्यांची चिठ्ठी घेऊन फोन केला तर तारीख मिळाली १४ मे. म्हणजे तीन आठवडे. मधल्या काळात कागदपत्रं. ऑपरेशनचा डिस्चार्ज समरी, फिजिओची चिठ्ठी, ओळखपत्र, एवढंच लागलं, एमआरआयच्या फिल्मा मी उगाच सगळीकडे मिरवल्या, कुणी पाकिटसुद्धा उघडलं नाही. खरा वैताग विम्याचा. पहिल्या फोनवर सांगितलं की फिजिओथेरपीत बसेल, काळजी करू नका. आठ दिवसांनी पत्र आलं की ही उपचार नसून तपासणी आहे, सबब डॉक्टरांची शिफारस लागेल, फिजिओची चालणार नाही. परत सर्जनकडे अपॉइंटमेंट, तासभर बसून दोन ओळींचं पत्र. टेस्टचा खर्च साधारण पाच फिजिओ सेशनएवढा होता, क्लेम मंजूर झाला तो अर्धा आणि तोसुद्धा ऑगस्टमध्ये. तेव्हा आधीच विचारून घ्या की याला तपासणी म्हणणार का उपचार, आणि जे उत्तर देतील ते लेखी मागा. फोनवरच्या गोड बोलण्याला नंतर काही किंमत नसते.

आदल्या दिवशी संध्याकाळी मेसेज आला: शॉर्ट्स आणा, रोजचे चालायचे बूट आणा, पायाला तेल किंवा क्रीम लावू नका. तोपर्यंत मी दुखऱ्या बाजूला मलम चोळून मोकळी झाले होते, सवयीने. सकाळी परत थोडं लावलं कारण तीन आठवडे वाट बघितल्यावर गुडघा नेमका आज दुखायला नको असं वाटत होतं. हा मूर्खपणा होता, दोन कारणांनी. एक तर चिकटपट्टी धरेना, तिथल्या टेक्निशियनने स्पिरिटने पाय पुसून काढला, तरी वीस मिनिटं त्यातच गेली. आणि दुसरं म्हणजे टेस्टच्या दिवशी गुडघा नेहमीपेक्षा छान ठेवून काय मिळणार होतं मला? पण त्या दिवशी माझ्या डोक्यात ती परीक्षा होती आणि मला पास व्हायचं होतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सेन्सर सात. काडेपेटीएवढे, वजन न जाणवणारे. एक कमरेच्या मागे मध्यावर, दोन मांड्यांना बाहेरच्या बाजूने, दोन नडगीवर, दोन पावलांवर बुटाच्या लेसवर. नडगीचा सेन्सर लावताना त्या मुलाने बोटाने चाचपून हाडाची सपाट बाजू शोधली, पायाच्या आतल्या अंगाला असते बघा, जिथे कातडीखाली लगेच हाड लागतं, तिथेच बसवला. मांडीला तसं हाड सापडत नाही, मांसच मांस, त्यामुळे पाऊल आपटलं की मांडी थरथरते आणि सेन्सर हाडाऐवजी त्या थरथरीचं मोजमाप घेतो. म्हणून मांडीचा पट्टा घट्ट बांधतात. घट्ट म्हणजे बऱ्यापैकी घट्ट, पण मुंग्या येत असतील तर लगेच सांगा. मी भिडेखातर बोलले नाही आणि नंतर वळ दोन दिवस राहिला.

डाव्या पायाच्या सेन्सरवर एक रंग, उजव्यावर दुसरा. त्याने लावताना मला मोठ्याने विचारलं, "ऑपरेशन कुठल्या पायाचं?" टाक्यांची खूण समोर दिसत होती तरी. आधी गंमत वाटली, मग कळलं की अदलाबदल झाली तर सगळा रिपोर्ट उलटा होतो आणि ग्राफ बघून कुणाला पत्ताही लागत नाही. तुम्हाला विचारलं नाही तर तुम्हीच सांगा.

मग आली ती पायरी जिच्यामुळे हा सगळा लेख लिहितेय. कॅलिब्रेशन. सेन्सर पायाला थोडा तिरका, थोडा वर-खाली असा कसाही बसलेला असतो, त्याला माहीत नसतं की हाड कुठल्या दिशेला आहे. म्हणून आधी काही सेकंद अगदी स्तब्ध उभं राहायचं आणि कॉम्प्युटरला सांगायचं की ही बघ सरळ उभी असलेली बाई, हिचा गुडघा आत्ता शून्य अंशात आहे, आता इथून पुढे जे वाकेल ते मोज. पहिल्यांदा उभी राहिले तर स्क्रीनवर लाल खूण आली. मी स्टीलच्या कपाटाशेजारी उभी होते. सेन्सरमध्ये दिशा कळायला होकायंत्रासारखा एक भाग असतो, जवळ लोखंड असलं की तो भरकटतो. खिशातला मोबाईल काढायला लावला, माझा जुना ब्रेस होता धातूच्या बिजागऱ्यांचा तो लांब ठेवला, खोलीच्या मध्यावर आलो, मग हिरवा दिवा. "मॅडम, एकदम सरळ उभ्या राहा, समोर बघा." मी राहिले. माझ्या मते एकदम सरळ.

चालणं कॉरिडॉरमध्ये होतं, दहा मीटरच्या दोन खुणा, त्यांच्या अलीकडे-पलीकडे थोडी जागा सोडलेली कारण सुरू होतानाची आणि थांबतानाची पावलं धरत नाहीत, वळतानाचीही नाहीत. पहिल्या चार फेऱ्या मी आदर्श बाईसारखी मारल्या. गुडघा मुद्दाम वाकवत, खांदे सरळ. टेक्निशियन बिचारा काही बोलला नाही, नुसता म्हणाला की आता शंभरातून तीन-तीन वजा करत मोठ्याने म्हणत चाला. सत्त्याण्णव, चौऱ्याण्णव, एक्क्याण्णव... अठ्ठ्याऐंशी... आणि पंच्याऐंशीपर्यंत माझी आदर्श बाई कुठल्या कुठे गेली. गणिताकडे लक्ष गेलं की पाय आपल्या मूळ वळणावर येतात. त्यानंतर सहा मिनिटं सलग चालणं. तिसऱ्या मिनिटाला मला स्वतःलाच बुटांचा आवाज ऐकू यायला लागला, ठाप-टप, ठाप-टप, एक लांब एक आखूड. इतके महिने तो आवाज होताच की, मी कधी ऐकला नव्हता.

मधल्या वेळात मी त्याला प्रश्न विचारून हैराण केलं. आत काय असतं, तर वेग कसा बदलतोय ते सांगणारा एक भाग, फिरण्याचा वेग सांगणारा एक, आणि ते होकायंत्र. हे सगळं आपल्या मोबाईलमध्येही असतंच, फोन आडवा केला की स्क्रीन फिरते ती त्यातूनच. सेकंदाला शंभर वेळा आकडे घेतात. गंमत अशी की सेन्सरला कोन माहीतच नसतो, त्याला फक्त कळतं किती वेगाने फिरलो, त्याची बेरीज करत करत कोन काढायचा. आणि बेरजेत चूक साठत जाते. अंधारात घरात पावलं मोजत चालताना होतं तसं, दर पावलाला बोटभर चुकलं तरी दहाव्या पावलाला आपण दारावर आपटतो. मग गुरुत्वाकर्षण खाली आहे हे पक्कं माहीत असल्यामुळे त्याचा आधार घेऊन, पाऊल जमिनीवर टेकून स्थिर असतं त्या क्षणाचा आधार घेऊन, चूक सारखी दुरुस्त करत राहायची. हे करायच्या बऱ्याच पद्धतींच्या मुळाशी काल्मन नावाच्या माणसाने १९६० मध्ये मांडलेलं गणित आहे, तेच अपोलो यानांना वाट दाखवायला वापरलं होतं. माझ्या लंगडण्याला चंद्राचं गणित. मला बरं वाटलं.

घरी येऊन वाचत बसले तेव्हा हेही सापडलं की १८९०च्या दशकात जर्मनीत लायपझिगला ब्राउन आणि फिशर या दोघांनी एका माणसाच्या हातापायांना चमकणाऱ्या नळ्या बांधून अंधारात त्याच्या चालण्याचे फोटो काढले होते, नळ्या बांधायलाच तासन्तास आणि नंतरची आकडेमोड महिनोन्महिने. माझी वीस मिनिटं आणि स्पिरिट त्यापुढे काहीच नाही.

निघताना कन्सेंट फॉर्म. दोन चौकोन होते, एक टेस्टसाठी आणि दुसरा माझा डेटा नाव काढून संशोधनाला वापरायला. दुसऱ्यावर सही करायची सक्ती नसते, मी केली. पण त्याच्याखाली बारीक अक्षरात एक ओळ होती की मूळ डेटा मागितल्यास मिळेल. मी तिथेच लिहून दिलं की मला हवा. का लिहिलं माहीत नाही, कागद जमवायची सवय म्हणून असेल. पुढे कळेल.

चार कामाच्या दिवसांत रिपोर्ट म्हणाले होते, आला अकराव्या दिवशी, २५ मेला, दोन वेळा फोन केल्यावर. सात पानं. बहुतेक पानांवर लाटेसारखी रेघ, डावा पाय एका रंगात, उजवा दुसऱ्या. चालताना गुडघा एका पावलात दोनदा वाकतो हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. टाच टेकते तेव्हा तो जवळजवळ सरळ असतो, मग अंगाचं वजन त्यावर येताना साधारण १५ ते २० अंश वाकतो, गाडीच्या शॉकअबसॉर्बरसारखा, परत सरळ होतो, आणि मग पाय हवेतून पुढे येताना साठेक अंश वाकतो. ग्राफवर आधी छोटा उंचवटा, नंतर मोठा डोंगर.

माझा डावा शहाण्यासारखा, छोटा उंचवटा १७ अंशांचा, डोंगर ६१. उजव्याचा डोंगर ५२ आणि छोटा उंचवटा ६. म्हणजे तो उंचवटा नव्हताच, रस्त्यावरचा खडा होता. वेग सेकंदाला ०.९५ मीटर, मिनिटाला ९८ पावलं. डावा पाय ६३ टक्के वेळ जमिनीवर, उजवा ५९. शेवटच्या पानावर निष्कर्ष: 'उजवा गुडघा पूर्ण सरळ होतो. हवेतील टप्प्यात वाकणे कमी.'

झालं. मी वाचलं 'वाकणे कमी' आणि त्याच रात्री गुडघा वाकवायचे व्यायाम दुप्पट केले. पाठीवर झोपून टाच कुल्ल्याकडे ओढायची, वरून हाताने दाबायची, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. दोन दिवसांत गुडघा टम्म सुजला. रिपोर्ट स्वतः वाचून स्वतःच औषध ठरवायचं हे माझं जुनं दुखणं आहे, रक्ताच्या रिपोर्टच्या वेळीही तेच केलं होतं.

२८ मेला मॅडमकडे. आधी सूज बघून बोलणी खाल्ली. मग त्यांनी रिपोर्ट वाचला, 'पूर्ण सरळ होतो' या ओळीवर बोट ठेवलं आणि कपाळाला आठी. उठून कपाटातून माझी फाईल काढली. १२ मेची नोंद, टेस्टच्या दोनच दिवस आधीची, त्यांच्या अक्षरात: उजवा गुडघा सरळ होण्यात ५ अंश कमी. झोपून, टाचेखाली गुंडाळी ठेवून, कोनमापकाने मोजलेलं. उभं राहूनही तेवढंच. "हे पूर्ण सरळ कसं झालं दोन दिवसांत?"

माझ्या डोक्यात काही प्रकाश पडेना. त्यांनी मला उठवलं, भिंतीला पाठ लावून उभं केलं, "एकदम सरळ उभ्या राहा." मी राहिले. "आता खाली बघा." डावा गुडघा मागे गेलेला, उजवा किंचित पुढे, वाकलेला. मला जाणवतही नव्हतं. महिनोन्महिने तसंच उभं राहून माझ्या मेंदूने तेच सरळ मानलं होतं. आणि टेस्टच्या वेळी मी अशीच उभी राहिले, कॉम्प्युटरने विश्वास ठेवला आणि ते पाच अंश शून्य म्हणून लिहून घेतले. त्यानंतरचा उजव्या गुडघ्याचा प्रत्येक आकडा पाचने कमी आला.

कागदाच्या मागे त्यांनी गणित केलं. डोंगर ५२ नाही, ५७. म्हणजे डाव्याच्या ६१च्या जवळच, वाकण्याची फारशी भानगड नव्हतीच. टाच टेकताना ग्राफवर १ दिसतंय ते खरं ६, म्हणजे गुडघा सरळ होतच नाहीये. आणि छोटा उंचवटा? तिथे त्या म्हणाल्या की वरचा आकडा बघू नका, टाच टेकल्यापासून किती वाकला तो फरक बघा, फरकाला शून्य कुठेही धरलं तरी काही होत नाही. डावा ३ वरून १७ वर जातो, चौदा अंश. उजवा १ वरून ६ वर, पाच अंश. "तुमचा पाय जमिनीवर आला की गुडघा तसाच आखडून धरता तुम्ही. सरळ होत नाही आणि वजन घेताना वाकतही नाही. वाकवायचे व्यायाम बंद."

म्हणजे रिपोर्टप्रमाणे वागले असते तर दोन महिने उलट दिशेने गेले असते. राग येणार होता पण कुणावर? सेन्सर बरोबर होता, मुलाने काम नीट केलं होतं, मी सरळ उभी राहिले होते. फक्त तुमचा गुडघा पूर्ण सरळ होतो का, हे विचारायचा रकाना फॉर्ममध्ये नव्हता.

सेंटरला मेल टाकला, मॅडमच्या नोंदीचा फोटो जोडून. उत्तर नाही. फोन केला तर रिसेप्शनवरच्या बाई म्हणाल्या की रिपोर्ट फायनल झाला की बदलत नाही. मग मूळ डेटाची ती ओळ आठवली. ती फाईल मागितल्यावर मात्र फोन आत गेला आणि तोच मुलगा बोलायला आला. त्याने सगळं ऐकून घेतलं, जरा वेळ शांत, मग म्हणाला, "ताई, बरोबर आहे तुमचं. उभ्याचा कोन टाकायची सोय आहे यात, आम्ही शून्यच ठेवतो." फाईल होतीच, परत चालायची गरज नव्हती, ४ जूनला नवीन रिपोर्ट आला. आकडे मॅडमच्या पेन्सिलवाल्या गणिताला जुळणारे. निष्कर्षाची ओळ गुपचूप बदललेली, चूक झाली वगैरे शब्द कुठे नाहीत. चालायचंच.

मी त्याला आणखी एक विचारून घेतलं होतं. रिपोर्टमध्ये गुडघा आत-बाहेर किती झुकतो आणि किती पिळतो याचेही ग्राफ होते आणि माझं लिगामेंट पिळ बसूनच तुटलेलं असल्यामुळे माझं सगळं लक्ष तिकडेच. तो म्हणाला, ते ग्राफ मनावर घेऊ नका. पुढे-मागे वाकणं मोठं असतं, त्यात चार-पाच अंशांची चूक खपून जाते. पिळ मुळातच थोड्या अंशांचा, तितकीच चूक त्यात आली तर उरलं काय? छापून का देता मग, असं तोंडावर आलं होतं, पण रिपोर्ट दुरुस्त करायचा होता म्हणून गिळलं.

पुढचे आठ-नऊ आठवडे व्यायाम. पोटावर झोपून पाय कॉटबाहेर लोंबकळत ठेवायचे, टाचेखाली गुंडाळी ठेवून गुडघा आपल्या वजनाने खाली जाऊ द्यायचा, मांडी आवळून दहा आकडे. कंटाळवाणं आहे पण अंश-अंश करून होतं. अवघड होता तो छोटा उंचवटा. मॅडमकडे दोनच सेन्सरचा छोटा सेट होता, मांडीला एक नडगीला एक, आणि समोर स्क्रीनवर रेघ जिवंत पळते. पहिल्या दिवशी मी जीव तोडून गुडघा वाकवला, रेघ हलली पण चुकीच्या जागी, डोंगर उंच झाला आणि खडा तिथेच. कारण हवेत गुडघा वाकवायला भीती वाटत नाही. वजन अंगावर येत असताना वाकवायचा म्हणजे तोच क्षण, पायरी, 'कट्'. मांडीला ते आठवत होतं, मी विसरले असले तरी. मॅडम म्हणाल्या की ताकद कमी आहे हे अर्धंच कारण. मग पायरीवरून सावकाश उतरणं, आधी चार बोटं उंचीच्या फळीवरून, आरशासमोर, कठड्याला हात लावून, मग हात न लावता. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी स्क्रीनवर खड्याच्या जागी छोटीशी टेकडी आली, तीन पावलं टिकली, मी "आली, आली" म्हणून ओरडले आणि लगेच गेली.

दुसरी टेस्ट ६ ऑगस्टला. या वेळी मलम नाही, आदल्या दिवशी जोराचा व्यायाम नाही, बूट तेच. जाताना कागदावर तीन गोष्टी लिहून नेल्या आणि सेन्सर लावायच्या आधीच दिल्या. उभ्याचा कोन कोनमापकाने मोजून टाका. सहा मिनिटांचे आकडे पहिल्या फेऱ्यांत मिसळू नका, वेगळे द्या. आणि एकदा मागच्याच वेगाने चालवा, कारण हळू चाललं की गुडघा कमी वाकतो आणि भरभर चाललं की जास्त, त्यामुळे वेग वाढला म्हणून आकडा वाढला का गुडघा सुधारला म्हणून, ते कळत नाही. तोच मुलगा होता. कागद वाचून म्हणाला, "ताई, तुम्ही इथे नोकरीला या." फॉर्मवर मात्र मी नीट बघितलं, एक रकाना पेनने आखलेला होता: उभे असताना गुडघ्याचा कोन, उजवा, डावा.

उभ्याचा कोन उजवीकडे २ अंश. मागच्याच वेगाला टाच टेकताना ३, छोटा उंचवटा १२, म्हणजे नऊ अंशांचा फरक, पाचाचे नऊ. डाव्याचे चौदा अजून लांब आहेत. डोंगर ५९. माझ्या मनाच्या वेगाला चालले तर सेकंदाला १.१ मीटर. सहा मिनिटांच्या शेवटच्या मिनिटात मात्र फरक सातवर घसरला, दमल्यावर अजून जुनं वळण वर येतंय. रिपोर्ट या वेळी पाचव्या दिवशी आला आणि मी तो मॅडमकडे नेईपर्यंत पाकिटातून काढला नाही. बरं, एकदा काढला. पण व्यायाम बदलले नाहीत.

लेकीला विचारलं, आता कशी चालते मी, करून दाखव. तिने चार पावलं टाकली, थांबली, परत टाकली. म्हणाली, "थांब, आधी दमून ये, मग दाखवते."

तिसरी टेस्ट नऊ महिने पूर्ण झाले की, सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, त्यावर धावायचं की नाही ते सर्जन आणि मॅडम मिळून ठरवणार आहेत. तारीख घेतली आहे, विम्यासाठी सर्जनचं पत्र या वेळी आधीच काढून ठेवलंय. टेस्टचे बूट रोज वापरून त्यांची डावी टाच बाहेरच्या बाजूने झिजत चालली होती, बूट बदलले तर आकड्यांची तुलना बिघडेल म्हणून ते पिशवीत घालून कपाटावर ठेवलेत आणि रोजच्याला नवीन घेतलेत. पिशवीवर लेकीने मार्करने लिहिलंय, 'आईचे परीक्षेचे बूट, हात लावू नये.'